गोष्टीतले दोन भाऊ वेगळे होतात ते स्वभावामुळे की जागेमुळे?

खाडीकाठ:
एक दीर्घकथा लिहितोय, मदत हवीय. नवी मुंबईतलं घणसोली गाव, 2004 च्या आसपास, ठाणे-वाशी लोकल नुकतीच सुरू झालीय. दोन भाऊ. मोठा हरेश अबोल, जमीन गेली तरी पहाटे उठून खाडीवर जाणारा. धाकटा नितीन बोलका, बिल्डर लोकांत उठबस. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळतो आणि दोघं फुटतात. ज्यांना वाचायला दिली ते म्हणतात फूट पटत नाही. स्वभाव एकदम उलटे घेतलेत, मग कमी काय पडतंय?

चेंदणीकर:
अहो उलट्या स्वभावाचे भाऊ आपल्याकडे जन्मभर एकत्र राहतात, एक बोलतो एक ऐकतो, उलट त्यांचंच जास्त जमतं. त्यांना तोडायला जागा लागते. एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' नाटक घ्या. भास्कर धरणगावच्या वाड्यात राहिलेला, सुधीर मुंबईला गेलेला, दोघांत खलनायक कोणीच नाही. पण वडील गेल्यावर सगळे त्याच वाड्यात जमतात, ट्रॅक्टर गंजत पडलाय, तेराव्याचा खर्च डोक्यावर, आणि जो तो म्हणतो मीच जास्त सोसलं. हीच माणसं दादरला एखाद्या हॉटेलात भेटली असती तर चहा पिऊन गोड बोलून गेली असती.

करावेची_बाय:
मी गावठाणातच वाढलेय म्हणून सांगते, वयातलं अंतर वापरा. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली 1970 ला. हरेशने लहानपणी भात कापलाय, नितीनने शेत बघितलंच नाही, त्याने घरात फक्त नोटिसा आणि कागद बघितले. शिवाय हा प्लॉट कोणी खिरापत म्हणून वाटलेला नाही, जमिनी गेलेल्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक रस्त्यावर उतरले, जानेवारी 1984 ला उरणकडे गोळीबारात पाच जण गेले. हरेश तरुणपणी त्या आंदोलनात असेल तर त्याला तो प्लॉट विकवणार नाही. आणि नितीनचंही चूक नाही ना, साडेबारा म्हणायचं पण सोयीसुविधांचं कापून हातात पावणेनऊच येतात, तेवढ्यावर सगळ्या वारसांची पोरं कशी उभी राहणार?

खाडीकाठ:
हे भारी आहे. पण हरेश बोलतच नाही, मग भांडण दाखवू कसं?

करावेची_बाय:
भांडण नकोच. प्लॉट सगळ्या वारसांच्या नावावर असतो, एकाने सही दिली नाही की सगळं अडलं. नितीनने उनाडक्या केल्या की हरेश बापासमोर गप्प राहून त्याला वाचवायचा, असा एक प्रसंग आधी टाका. मग तोच गप्पपणा अॅग्रीमेंटच्या कागदापुढे येऊ दे. नितीन पेन पुढे करतो, हरेश जाळं उचलून निघून जातो, बस.

चेंदणीकर:
+1. आणि फूट हळूहळू दाखवा. आधी लाइटचा मीटर वेगळा, मग गॅस, मग रेशनकार्ड, मग पडवीत मधोमध भिंत. हळदीला दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसलेत आणि बायका मात्र एकाच पातेल्यात मटण ढवळतायत, कारण जावाजावांचं अजून चांगलं आहे.

करावेची_बाय:
बहीण पण घ्या कथेत, सही तिचीही लागते. 2005 ला कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क आला, म्हणजे तुमचा काळ अगदी तोच. दादूस एकीकडे ओढतोय, धाकटा दुसरीकडे, आणि दोघंही तिच्या सासरी वेगवेगळ्या दिवशी मिठाई घेऊन जातात. तिचा निर्णय काय होतो ते लिहा आणि इथे टाका, मला वाचायचंय.