दाव्यात पार्टी नसताना निकालावर अपील करता येतं का? (कराड) तातडीनं सांगा

कोयनाकाठ:
२० गुंठे माझे. नोंदणीकृत खरेदीखत आहे, सातबाऱ्यावर नाव आहे. विकणारा आणि त्याचा भाऊ यांच्या दाव्यात भावाच्या बाजूनं निकाल लागलाय, आता बेलिफ कब्जा घ्यायला येणार म्हणतात. मला पार्टीच केलं नव्हतं. मला अपील करता येईल का? हो की नाही तेवढं सांगा.

वाईकर:
हो. अपील कोणी करायचं हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ मध्ये लिहिलेलंच नाही. तिऱ्हाइतानं अपिली कोर्टाची परवानगी मागायची. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७० च्या गोलछा निकालात हेच आहे. निकालानं आपल्या हक्काला थेट बाध येतो हे दाखवावं लागतं. आजच निकाल आणि हुकूमनाम्याच्या (डिक्री, निकालावरून निघणारा कोर्टाचा आदेश) नकलेचा अर्ज टाका.

दरखास्तवाला:
थांबा, आधी तारखा द्या. खरेदी दाव्याआधीची की दावा चालू असतानाची? हुकूमनामा कधीचा? तडजोडीचा असेल तर ९६(३) मुळे अपीलच नाही. लोकअदालतीचा असेल तर उच्च न्यायालयात रिट (अपील नव्हे, वेगळा अर्ज).

कोयनाकाठ:
खरेदी २०१७, दावा २०१९. पुरावा होऊन निकाल झालाय, चार महिने झाले. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय. तारखांचा काय संबंध?

माणदेशी:
फेरफारावर (सातबाऱ्यातल्या नोंदीच्या बदलावर) प्रांतांकडे अपील करा, जमीन महसूल अधिनियम कलम २४७, मुदत ६० दिवस.

वाईकर:
फेरफाराचं कोणी विचारलेलं नाही. महसुली नोंदीनं मालकी ठरत नाही.

दरखास्तवाला:
संबंध असा. दावा चालू असताना घेतली असती तर हुकूमनामा तुम्हाला बांधला असता आणि दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या कामात) हरकतही घेता आली नसती (संहितेचा आदेश २१ नियम १०२). तुमची खरेदी आधीची, म्हणून तो तुम्हाला बांधत नाही. पण मग अपिलात कोर्ट विचारणार, बांधत नाही तर बाध कसला? परवानगी तिथंच अडते. शिवाय जिल्हा न्यायालयाची मुदत ३० दिवस, नकलेचे दिवस वजा जाता. ती हुकूमनाम्यापासून मोजतात, तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नाही. म्हणजे विलंब माफीचा अर्ज आला, आणि अपील सुनावणीला घ्यायचं ठरेपर्यंत स्थगिती नाही (आदेश ४१ नियम ३अ). तोवर कब्जा जाईल. त्यापेक्षा दरखास्तीतच आदेश २१ नियम ९७ खाली हरकत घ्या. कब्जा जाण्याआधीही घेता येते, १९९७ चा ब्रह्मदेव चौधरी निकाल आहे. मालकीचा प्रश्नही तिथंच सुटतो आणि त्या आदेशावर हुकूमनाम्यासारखं अपील चालतं.

वाईकर:
तरी अपील सोडू नका. निकालात तुमचं खरेदीखत बेकायदा ठरवलं असेल तर बाध उघड आहे. निकाल वाचल्याशिवाय 'परवानगी अडते' म्हणणं बरोबर नाही.

सांगलीकर०७:
अपील आता कोल्हापूरलाच ना? १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, सातारा-सांगली त्यातच येतात.

वाईकर:
कनिष्ठ स्तराचं पहिलं अपील जिल्हा न्यायालयात. कोल्हापूर दुसऱ्या अपिलाला.

दरखास्तवाला:
कोयनाकाठ, दावा कसला ते अजून सांगितलं नाहीत. वाटपाचा का? शेतजमिनीचं वाटप संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, मोजणी करून कब्जा तहसील देतं. त्यात बेलिफ कुठून आला?

कोयनाकाठ:
वाटपाचाच. बेलिफ असं विकणाराच म्हणाला. नोटीस तहसीलची आहे, त्याच्या नावावर, मोजणीची तारीख पडलीय.

दरखास्तवाला:
मग वरचं नियम ९७ चं बाजूला ठेवा, ते बेलिफाच्या कब्जाचं होतं. विकणाऱ्याचा हिस्सा किती ठरला ते बघा. २० गुंठे त्यात बसत असतील तर ज्या कोर्टानं हुकूमनामा दिला तिथं अर्ज द्या: मला सामील करा आणि विकलेली जागा शक्यतो विकणाऱ्याच्याच वाट्यात टाका. कोर्ट हे न्यायबुद्धीनं करू शकतं, दुसऱ्या भावाचं नुकसान होत नसेल तर. तहसीलदार हुकूमनाम्याबाहेर जाऊ शकत नाहीत, म्हणून तिथं नुसती लेखी हरकत देऊन पोच घ्या. कोर्टातल्या अर्जाला खरेदीखत, सातबारा आणि चतुःसीमेचा नकाशा जोडा. मोजणीच्या तारखेआधी अर्ज दाखल व्हायला हवा.

वाईकर:
हिस्सा २० गुंठ्यांपेक्षा कमी निघाला तर अपील लागेलच. नकलेचा अर्ज तरी आजच टाका.

कोयनाकाठ:
हिस्सा बघून लिहितो. उद्या नकलेला जातो.