हौशी क्लबला सरकारी अनुदान कसं मिळवायचं? मदत हवी आहे
मंडळी, आमचा छोटा अ‍ॅथलेटिक्स क्लब आहे, सगळे नोकरी सांभाळून पळणारे, रिलेच्या बॅटनला चिकटपट्टी गुंडाळून भागवतोय 😅 अनुदानाचा अर्ज केला तर तीन वर्षांचं ऑडिट नाही म्हणून परत आला, आता पैसेच नाहीत तर ऑडिट कसलं करायचं! ब्रिटनला १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकच सुवर्ण होतं, मग लॉटरीचा पैसा खेळात ओतला आणि २०१२ ला २९ झाली, पण तो पैसा मुख्यतः पदकाच्या दावेदारांना, आमच्यासारख्यांचं काय? आधी संस्था रजिस्टर करायची की फेडरेशनची मान्यता घ्यायची? आणि पैशांऐवजी नुसतं मैदान, साहित्य मागितलं तर लवकर मिळतं का? कोणी अनुदान घेतलं असेल तर अर्जात खर्च कसा दाखवला तेवढं प्लीज सांगा.