मदत हवी आहे : कारखाना आधी की जात आधी?

एम.ए.च्या प्रबंधासाठी सहकारी साखर कारखाने आणि पक्षीय राजकारण हा विषय घेतलाय. अडकलेय एका ठिकाणी.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्यापासून (पहिला गळीत हंगाम १९५०-५१) जो सहकार वाढला, त्यात नियम 'एक सभासद, एक मत'. कागदावर जातीचा उल्लेख नाही. पण सभासद व्हायला ऊस हवा, उसाला जमीन आणि पाणी हवं, आणि ते दोन्ही पश्चिम महाराष्ट्रात बहुतांशी मराठ्यांकडे. बीडहून कोयता घेऊन येणाऱ्या तोडणी कामगाराला संचालक मंडळाच्या निवडणुकीत मतच नाही! माझ्या आजोबांच्या शेअरच्या दाखल्याला आमच्या घरी सातबाऱ्याइतका मान आहे, म्हणून हे मला फार उशिरा दिसलं.

मग कोडं असं: वारणा कारखाना उभारणारे तात्यासाहेब कोरे लिंगायत, परळीत 'वैद्यनाथ' कारखाना उभा करणारे गोपीनाथ मुंडे वंजारी आणि तेही भाजपचे. म्हणजे कारखाना हातात आला की जातीची अट सैल होते, की प्रत्येक जात आपापला कारखाना शोधते? १९९९ मध्ये राष्ट्रवादी निघाली तेव्हा कारखानदार पक्षाबरोबर गेले की ऊसदर, थकहमी (कारखान्याच्या कर्जाला सरकारची हमी) आणि जिल्हा बँक बघून?

जिल्हा बँक किंवा दूध संघाची निवडणूक जवळून पाहिलेल्या कुणी पॅनेल (एकत्र लढणाऱ्या उमेदवारांचा गट) कसं ठरतं ते सांगाल का? कारखान्यांचे जुने वार्षिक अहवाल कुठे चाळायला मिळतील तेही सांगा.