सेवेनच्या डोंगरात आठ दिवस सायकल: गाड्यांची वर्दळ नसलेले रस्ते कुठले?

पॅडलपंत:
मंडळी, नमस्कार. फ्रान्समध्ये लिओंत येऊन दोन वर्षं झाली. शनिवार-रविवार सोन नदीच्या काठाने साठ-सत्तर किलोमीटर होतात, पण तो सगळा सपाट कारभार. जूनमध्ये आठ दिवस सुट्टी आहे, एकटाच आहे, आणि डोंगरात जायचंय. आल्प्स नकोत. तिथले नावाजलेले घाट चढायची ना ताकद, ना हौस. मला असा रस्ता हवाय की तासाभरात चार गाड्या गेल्या तर पाचवीचा राग यावा.

गेल्या ऑगस्टमध्ये फोटो बघून तार्न नदीच्या घळीत गेलो होतो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला कठडा, मधल्या चिंचोळ्या डांबरावर मी आणि माझ्यामागे कॅराव्हॅनची वरात. एकाच्या आरशाने बाही घासली. त्या दिवशी नदी कुठल्या रंगाची होती विचाराल तर सांगता येणार नाही.

दक्षिणेकडचे दोन डोंगराळ मुलूख, सेवेन की कांताल, असा घोळ चाललाय. सायकलला पुढे ५०/३४ दात्यांची चक्रं आणि मागे ११ ते २८ दात्यांची आहेत, सामान सात-आठ किलो. शाकाहारी आहे, हेही सांगून ठेवतो. वय ३४, गुडघे अजून तरी शाबूत.

घाटमाथा:
कांतालमध्ये पा द पेरोल आहे, १५८९ मीटर, मासिफ सांत्राल या सगळ्या डोंगराळ पट्ट्यातली सगळ्यात उंच डांबरी खिंड. पण उन्हाळ्यात वर गाड्या लावायला जागा मिळत नाही एवढी जत्रा. शांतता हवी तर सेवेनच. बाकी सावकाशताई सांगतील, त्यांचा तो मुलूख.

सावकाश_जा:
आले बाबा. मुलूख माझा नाही, पण सहा उन्हाळे तिथे चाकं झिजवली आहेत. वय ५७, चढावर ताशी सहा-सात किलोमीटर. त्या हिशेबाने वाच.

तार्नच्या घळीत तुझं जे झालं त्याचं कारण तुझ्या नकाशातच होतं. मिशलँचा कागदी नकाशा घे. मोबाइलवरचा नको, तो जवळचा रस्ता दाखवतो, शांत नव्हे. लाल म्हणजे मोठा रस्ता, पिवळा मधला, पांढरा सगळ्यात लहान. काही रस्त्यांच्या कडेने हिरवी पट्टी असते, म्हणजे देखावा चांगला. नवखा माणूस ती पट्टी बघून भुलतो. अरे, तीच पट्टी कॅराव्हॅनवाल्यालाही दिसते! घळीच्या तळाशी रस्ता एकच, त्यामुळे सगळे तिथेच. मी नेमकं उलट करते. हिरव्या पट्टीच्या वर, पठारावर किंवा डोंगराच्या धारेवर जाणारा पांढरा रस्ता शोधते. रस्त्यावर बाणाची खूण असते, तिचं टोक चढाकडे. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. तीन बाण दिसले की मी तो रस्ता उतरायला ठेवते.

असे रस्ते तिथे इतके का, याचं मला फार कौतुक वाटायचं. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कोम्यून म्हणजे गावपालिका आहेत, आपापले रस्ते सांभाळणाऱ्या. देशभरात कोम्यूनच्या ताब्यातले रस्तेच सात लाख किलोमीटरच्या घरात जातात. चार घरांच्या वाडीलाही डांबर. आपली बरीचशी वाट ज्यात आहे तो लोझेर तर देशातला सगळ्यात कमी वस्तीचा विभाग, पाऊण लाखाच्या आसपास माणसं. रस्ते आहेत, माणसं नाहीत. आपलं फावलं.

आता वाट सांगते. लिओंहून क्लेरमों-फेराँ, तिथून नीमकडे जाणारी रेल्वे धर. शंभराहून जास्त बोगदे असलेली ती जुनी लाईन. व्हिलफोरला उतर. पहिल्या दिवशी कोल (म्हणजे खिंड) दे त्रिब ओलांडून ल ब्लेमार, एवढंच. आल्या आल्या मर्दुमकी दाखवू नकोस.

दुसऱ्या दिवशी कोल द फिनियेल, १५४१ मीटर. ल ब्लेमारपासून पावणेपाचशे मीटरच चढायचे असतात. आधी जंगल, मग एकदम उघडा माळ, ग्रॅनाइटचे गोल धोंडे आणि जूनमध्ये पिवळ्या फुलांची झुडपं. तिथे मी एकदा डबा उघडून बसले तर गाडी यायला वीस मिनिटं लागली. मोजली होती. पलीकडे उतरलं की ल पों-द-मोंव्हेर, तार्नवरचं छोटं गाव. हीच तुझी तार्न, पण इथे उड्या मारणारं पोर आहे. १७०२ साली कामिझार म्हणजे प्रोटेस्टंट शेतकऱ्यांचा उठाव इथूनच पेटला. मग नदीच्या कडेने फ्लोराक. तिथे दोन रात्री राहा.

फ्लोराकमागची भिंत चढून कॉस मेजाँवर जा. चढ खडा, वळणावर वळणं, पण वर हजार मीटरवर पोचलास की जग सपाट. चुनखडीचं पठार, गवत, मेंढ्या. १९९३ पासून तिथे प्रझेवाल्स्की जातीचे जंगली घोडे पाळलेत. पलीकडे उतरून मेरुएसला मुक्काम, दुसऱ्या दिवशी एगुआलचा डोंगर, १५६५ मीटर. माथ्यावर १८९४ ची वेधशाळा आहे. उतरताना कोल द पेरज्युरेकडची बाजू घेतलीस तर ब्रेक जपून. १९६० च्या तूर द फ्रान्समध्ये फ्रेंच सायकलपटू रोझे रिव्हिएर याच उतारावर दरीत पडला, मणका मोडला आणि शर्यतीतलं आयुष्य तिथेच संपलं. स्मारकाचा दगड आहे. मी दर वेळी थांबते, थोडी दमलेली असते म्हणूनही.

आता पाणी. चुनखडीत पाणी टिकत नाही, म्हणून मेजाँवर झरा नाही आणि सावलीही नाही. तीन बाटल्या ने. बाकी ठिकाणी युक्ती म्हणजे गावाची दफनभूमी. फुलांना घालायला तिथे नळ असतो. पहिल्यांदा माझा हात धजेना. आजीला कळलं असतं तर अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नसता. पण घशाला कोरड पडली की सोवळं गळून पडतं. नळावर ‘नों पोताब्ल’ लिहिलंय का तेवढं बघ. लिहिलं असेल तर पिऊ नकोस.

जेवणाचं म्हणशील तर आलिगो माग. बटाटा, ताजं चीज, लसूण, घोटून घोटून तार सुटेपर्यंत. सोबत सॉसेज आणतात, ‘सां सोसिस’ म्हणायचं. त्र्युफाद हाही बटाटा-चीजचाच पदार्थ, पण त्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, फसू नकोस. चीजमधलं रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातलं विरजण, चालत नसेल तर मात्र पंचाईत आहे. दुकानं बारा ते दोन-तीन बंद, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी पुष्कळ ठिकाणी बंद. मी एका सोमवारी दोन केळी आणि एका म्हाताऱ्याने दिलेल्या चेस्टनटच्या जॅमवर नव्वद किलोमीटर काढले आहेत.

शेवटी फ्लोराकहून कोर्निश दे सेवेन, धारेवरून पन्नासेक किलोमीटर, सँ-जाँ-द्यु-गारपर्यंत. दोन्ही हातांना दऱ्या. कामिझारांना आवरायला सैन्य नेता यावं म्हणून चौदाव्या लुईच्या काळात हा रस्ता बांधला. तिथून आलेसला जाऊन गाडी पकड.

तिरकं_हँडल:
ताई, सगळं मान्य, पण कोर्निशला शांत म्हणू नका. रविवारी तिथे मोटारसायकलींचा नुसता धुरळा. मी मे महिन्यात सकाळी अकराला होतो, कान किटले. त्यापेक्षा खालून व्हाले फ्रांसेझमधून जा, बार-दे-सेवेन, सँत-क्रुआ असं. नदी, चेस्टनटची झाडं, बसायला दगडी पूल. देखावा कमी, जीव जास्त.

आणि ‘ग्राव्हियों’ची, म्हणजे खडीची, पाटी दिसली की वेग कमी करा. उन्हाळ्यात डांबर फवारून त्यावर सुटी खडी टाकतात आणि ती दाबायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. वळणावर चाक अलगद निघून जातं. माझ्या कोपरावर अजून त्या रस्त्याचा नमुना आहे.

सावकाश_जा:
रविवारचं खरं आहे, चुकले. मी कायम मंगळवारी-बुधवारी सकाळी सातला निघाले, म्हणून मला शांत वाटला. पॅडलपंत, रविवार आला तर खालचाच रस्ता घे.

पॅडलपंत:
ताई, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मिशलँचा नकाशा आजच घेतो. दोनच शंका. मागचं २८ दात्यांचं चक्र पुरेल का? आणि हे सगळं आधी बुक करावं लागेल की जाऊन बघू?

घाटमाथा:
गणित सांगतो. ३४ पुढे, २८ मागे, मिनिटाला साठ फेरे म्हणजे ताशी नऊच्या वर. सामान घेऊन सात-आठ टक्क्यांवर तू तेवढा वेग तासभर राखणार नाहीस, मग फेरे कमी होतात आणि गुडघे बोलायला लागतात. मागे ३४ टाकलास तर तेच साठ फेरे साडेसातच्या वेगात बसतात. फक्त मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, एवढं मोठं चक्र घेतो का, ते दुकानात विचार. कधी कधी लांब पिंजऱ्याचा घ्यावा लागतो.

सावकाश_जा:
ल ब्लेमार आणि ल पों-द-मोंव्हेरच्या रात्री आजच बुक कर. ती दोन्ही गावं जीआर ७० या पायवाटेवर आहेत, जूनमध्ये पदयात्री भरलेले असतात. एकदा मला जागा मिळाली नाही तेव्हा अंधारात फ्लोराकपर्यंत उतरावं लागलं होतं. गावाबाहेर अंधारात चमकतं जाकीट घालणं कायद्यानेही लागतं, ते घे. आणि कानात इयरफोन नको, १३५ युरो दंड आहे.

दुपारी तीननंतर ढग काळे दिसले तर फिनियेलवर जाऊ नकोस, वर विजेपासून आडोसा नाही. बाकीच्या रात्री जाऊन बघ.

पॅडलपंत:
व्हिलफोरचं तिकीट आणि पहिल्या दोन रात्री झाल्या. ३२ दात्यांचं चक्र मिळतंय, ३४ ला नवीन डिरेलर लागेल म्हणे. ३२ वर भागवतो. सां सोसिस पाठ करतोय.