जुन्या गेमची बॅकग्राउंड रिप करणं: जतन की उचलेगिरी?

तळघर (धागाकर्ता)

प्रिन्स ऑफ पर्शिया डॉसवर (विंडोजच्या आधीच्या पीसीवर) खेळलेली मंडळी इथे बरीच असणार. पांढऱ्या कपड्यातला तो पोरगा, साठ मिनिटांची मुदत, जमिनीतून सपकन वर येणारे सुळे. त्यातली तुरुंगाची भिंत आज चित्र म्हणून हवी असेल तर मिळते. गेमच्या फायलींतून चित्रं अशी उपसून काढणं म्हणजे रिप करणं. गेमच्या फोल्डरात व्हीडंजन.डॅट आणि व्हीपॅलेस.डॅट नावाच्या फायली असतात, एकीत तुरुंगाचे तुकडे, दुसरीत महालाचे. 'प्रिन्स्ड रिसोर्सेस' हे चाहत्यांनी लिहिलेलं फुकट साधन त्या उघडून आतली चित्रं सुटी करून देतं. लेव्हलचा आराखडा वेगळ्या फायलीत: दर लेव्हलला २४ खोल्या, दर खोलीत आडवी १० आणि उभी ३ घरं. ही ७२० घरं भरली की अख्ख्या लेव्हलचं एकसंध चित्र हाती येतं. खेळताना ते कुणीच पाहिलेलं नसतं, कारण पडद्यावर एका वेळी एकच खोली मावते.

हे उपसणं काही जणांना चोरी वाटतं. माझ्या मते हे काम व्हायलाच हवं आणि चाहत्यांनीच करायला हवं, कारण मालकांना ते सांभाळता येत नाही. किंगडम हार्ट्स घ्या. २००२ चा, जगभर खपलेला गेम. त्याची २०१३ ची एचडी आवृत्ती काढायला घेतली तेव्हा मूळ डेटाच हरवलेला निघाला. दिग्दर्शक तेत्सुया नोमुरा यांनीच हे सांगितलंय. मग विकलेल्या गेमच्या पोटातून जे निघालं ते काढलं, बाकीचं नव्याने बनवलं. म्हणजे चाहते जे करतात तेच कंपनीला करावं लागलं. प्रिन्सची कथा तर निव्वळ नशिबाची. गेमचे कर्ते जॉर्डन मेकनर यांचा ॲपल टू या जुन्या संगणकावरचा मूळ सोर्स कोड (प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर) वर्षानुवर्षं बेपत्ता होता. २०१२ मध्ये वडिलांकडच्या कपाटात फ्लॉप्यांचा खोका सापडला म्हणून वाचला.

मतं येऊ द्या. शिव्याही चालतील, कारणासकट.

रंगारी

असहमत, आणि जरा तिखट लिहिणार आहे. ॲनिमेशनसाठी पार्श्वचित्रं रंगवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

जतन वगैरे ठीक, पण ही रिप केलेली चित्रं जिथे टाकतात तिथलं एखादं पान उघडून बघा. वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'अमक्याने रिप केलं, वापरल्यास श्रेय द्या.' श्रेय कुणाला? बटण दाबणाऱ्याला! ज्याने ते डोंगर, त्या विटा चार-दोन रंगांत बसवल्या त्याचं नाव पानावर कुठेच नाही. ऐंशीच्या दशकात कॅपकॉमसारख्या जपानी कंपन्यांच्या गेममध्ये श्रेयनामावलीत खऱ्या नावांऐवजी टोपणनावं असायची, दुसऱ्या कंपनीने माणसं पळवू नयेत म्हणून. त्या चित्रकारांना तेव्हा कंपनीने पुसलं आणि आता तुम्ही त्यांचं काम वर्गवारी लावून, बिननावाचं, फुकट वाटताय. पुढे तेच डोंगर कुठल्यातरी फडतूस मोबाइल गेममध्ये सापडतात.

हे प्रेम असेल तर त्यात चित्रकार कुठे आहे?

पिक्सेलपाटील

रंगारीताई, श्रेयाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी रिपच बंद करा म्हणणं पटत नाही. मी पिक्सेल आर्ट शिकलो ते असल्याच पानांवरून. कुठल्या कॉलेजात हे शिकवत होते?

सुपर मारिओ ब्रदर्सचा अख्खा गेम ४० किलोबाइटचा. त्यातली चित्रं ८ किलोबाइटमध्ये, ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे, एकेक तुकडा १६ बाइटचा. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र, फक्त रंग बदललेले. ढग, टेकड्या, झुडपं यांची नक्षी दर ४८ ठोकळ्यांनी पुन्हा तीच येते. लहानपणी वर्षानुवर्षं खेळूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. लेव्हल सलग अंथरलेली पाहिली आणि दिसलं. जागा इतकी अपुरी असताना त्या माणसांनी काय डोकं लढवलंय, हे तुकडे सुटे करून पाहिल्याशिवाय कळतच नाही. चित्रकाराचा याहून मोठा मान कोणता?

खरडेघाशी

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरून भांडताहेत: की फायलीतून जे निघतं ते म्हणजे त्या गेमची बॅकग्राउंड. माझी शंका तिथेच आहे.

सॉनिक घ्या, १९९१ चा, मेगा ड्राइव्ह या गेम यंत्रावरचा. ग्रीन हिल झोनमधला धबधबा रिप करून पाहा, उभ्या पट्ट्यांची जाळी दिसेल. एक रेघ रंगीत, एक रिकामी. तेव्हाच्या टीव्हीला कंपोझिट केबल लावली की शेजारशेजारच्या रेघा एकमेकींत मिसळायच्या आणि पाणी अर्धपारदर्शक दिसायचं. यंत्राला पारदर्शकता येत नव्हती, ती टीव्हीने पुरवली. तुमच्या स्वच्छ पीएनजी चित्रात पाणी नाही, पडदा आहे बांबूचा. शिवाय त्या मागच्या डोंगरांचे आणि ढगांचे पट्टे वेगवेगळ्या वेगाने सरकतात. एका सपाट चित्रात ती खोली कुठून आणणार?

मारिओच्या रंगांबद्दल तर बोलायलाच नको. एनईएस, म्हणजे मारिओ ज्यावर चालायचा ते यंत्र, लाल-हिरवा-निळा असे आकडे देतच नव्हतं, थेट टीव्हीचा सिग्नल द्यायचं. म्हणजे आकाशाचा 'खरा' निळा असा काही नाहीच, एम्युलेटरागणिक (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामागणिक) निळा बदलतो. रिप करणारा त्यातला एक निवडतो आणि तोच पुढे सगळीकडे प्रमाण होऊन बसतो.

आणि धागाकर्त्याच्या लाडक्या तुरुंगाच्या भिंतीचं काय? डॉसच्या व्हीजीए (रंगीत पडद्याच्या) आवृत्तीत विटांवरच्या खुणा चित्रात साठवलेल्या नाहीत. खोलीचा क्रमांक, ओळ आणि रकाना यांवरून एक आकडा ठरतो, त्यावरून छद्म-यादृच्छिक (दिसायला कसेही, पण गणिताने ठरलेले) आकडे निघतात आणि प्रोग्राम त्या खुणा तिथल्या तिथे काढतो. डॅट फाइल उपसली तर भिंतीचा माल मिळेल, भिंत नाही मिळणार.

तेव्हा जतन म्हणताय ते नेमकं कशाचं?

तळघर

खरडेघाशी, हा प्रतिसाद जपून ठेवतो. पण बघा, भिंत कशी तयार होते हे तुम्हाला कळलं कशामुळे? कुणीतरी डॉसचा प्रोग्राम ओळ न ओळ उलगडला आणि त्यावरून एसडीएलपॉप ही गेमची आजच्या पीसीवर चालणारी आवृत्ती लिहिली. तेही चाहत्यांचंच काम. आकडा दर वेळी त्याच जागेवरून ठरतो, त्यामुळे पाचव्या खोलीतली भिंत प्रत्येक पीसीवर तशीच दिसते आणि हुबेहूब पुन्हा काढता येते. म्हणजे रिप वाईट नाही, अर्धवट रिप वाईट. तुकडे काढा, आराखडा काढा आणि ते जोडण्याची रीतही काढा.

टीव्हीचं म्हणाल तर आपल्यापैकी कित्येकांनी प्रिन्स रंगीत पाहिलाच नाही. गेम सीजीए, ईजीए, हर्क्युलस अशा सगळ्या जुन्या डिस्प्ले कार्डांवर चालायचा, आणि इथल्या कॉम्प्युटर क्लासांतून मोनोक्रोम (एकरंगी) मॉनिटर असायचे. मग माझा काळा-पांढरा तुरुंग खोटा का?

कलम५२

मी वकील नाही, पण कायदा उघडून वाचतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये सवलती आहेत. कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रामची सुरक्षेपुरती प्रत करता येते, आणि त्यामागची तत्त्वं समजून घेण्यासाठी त्याचा अभ्यास, तपासणी करता येते. खाजगी वापर आणि संशोधनासाठीची सवलतही आहे, पण तिथे 'संगणक प्रोग्राम वगळून' असे शब्द आहेत. गेममधलं चित्र प्रोग्रामचा भाग की स्वतंत्र कलाकृती, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल. चित्र मानलं तर कलाकृतीला कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. म्हणजे इथल्या कुणाच्या आयुष्यात हा प्रश्न सुटत नाही.

थोडक्यात, स्वतःच्या प्रतीतून काढून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवलंत तर तुमच्या दारात कोणी येणार नाही. जगाला वाटलंत की मग खाजगी वापर उरला नाही. मेकनर यांनी सोर्स कोड खुला केला तेव्हाही बजावलं होतं की कोड वाचा, बदला, चालवून बघा, पण प्रिन्सवरचे हक्क यातून मिळत नाहीत, ते युबिसॉफ्ट या गेम कंपनीकडे आहेत. डूम या गेमचंही तसंच. १९९७ मध्ये कोड खुला झाला, चित्रं नाही झाली. म्हणून तर फ्रीडूम या चाहत्यांच्या फुकट आवृत्तीवाल्यांनी सगळी चित्रं स्वतः नव्याने काढली.

काडीपेटी

एक काडी टाकून जातो. नव्वदच्या दशकात आपल्या घरोघरी जो 'टीव्ही गेम' होता तो फॅमिकॉमची (एनईएसच्या जपानी रूपाची) नक्कल. कॅसेटवर लिहिलेलं ९९९९-इन-१, आत दहा-पंधराच गेम आलटून पालटून. काँट्रा, मारिओ सगळं चोरीचं. छापा पडलेल्या दुकानातून वह्या घेऊन शिकलेल्या पोराने मोठेपणी कॉपीराइटवर निबंध लिहावा तसा हा धागा चाललाय. चालू द्या, पॉपकॉर्न आहेत.

रंगारी

काडीपेटी, लहानपणी आठशे रुपयांचं खेळणं वडिलांनी आणलं त्याची शिक्षा चित्रकारांनी भोगायची का?

पिक्सेलपाटील, शिकायला माझी ना नाही. मी स्वतः जुनी कामं कॉपी करूनच शिकले. माझा राग पुढच्या पायरीवर आहे. फायनल फँटसी सेव्हन, १९९७. त्यातली दृश्यं थ्रीडीत रचून, मग स्थिर चित्रं करून डिस्कवर घातलेली, जेमतेम ३२० पिक्सेल रुंद पडद्यासाठी. चाहत्यांनी ती पीसी आवृत्तीतून काढली आणि एआयकडून चौपट मोठी करून परत गेममध्ये घातली. लोक खूश. मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मुळात जिथे गंजाचा डाग आहे की सावली हे मुद्दाम अधांतरी ठेवलंय, तिथे एआयने काहीतरी ठरवून टाकलंय. पाटीवरची अक्षरं म्हणजे कुठल्याच लिपीत नसलेले वळसे. आणि हे 'सुधारित' म्हणून फिरतं.

कलम५२, तुम्ही त्याच कायद्यातलं कलम ५७ विसरलात. कलाकृतीची मोडतोड होऊन कर्त्याच्या लौकिकाला बाधा येत असेल तर हक्क विकल्यावरही त्याला दाद मागता येते. विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने उखडून टाकलं, तेव्हा २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला होता, भरपाईसकट.

कलम५२

रंगारी, विसरलो नव्हतो, पण सेहगल यांचं शिल्प एकमेव होतं, ते तुटलं की संपलं. इथे मूळ डिस्क शाबूत आहे. ५७ इतकं ताणलं तर प्रत्येक मीमवाला कोर्टात उभा राहील. अर्थात गेमच्या चित्रावर कुणी अजून लढून पाहिलं असेल तर वाचायला आवडेल.

सावकाश

मधला मार्ग आधीच अस्तित्वात आहे. जुने गेम आजच्या पीसीवर चालवणारे स्कमव्हीएम, ओपनआरसीटी२ यांसारखे प्रकल्प फक्त प्रोग्राम देतात. चित्रं, नकाशे तुमच्या स्वतःच्या मूळ प्रतीतून उचलतात. बॅकग्राउंडसाठीही तसंच करा. साधन वाटा, चित्रं वाटू नका. ज्याच्याकडे गेम आहे तो काढून घेईल.

तळघर

सावकाश, आज हे चालतं कारण डिस्का अजून चालतात. फ्लॉपीचं चुंबकीय आवरण झिजतं, सीडी खराब होते. मूळ प्रत जवळ असलेला शेवटचा माणूस गेला की तुमचं साधन रिकाम्या फोल्डरकडे बघत बसणार. मी तरी चित्रंही ठेवणार, माझ्या डिस्कवर आणि आणखी दोन मित्रांच्या. सार्वजनिक टाकणार नाही, तेवढं कलम५२ यांचं ऐकतो.

रंगारी

आणि नावं? मेकनर सगळ्यांना माहीत आहेत. डॉसची रंगीत चित्रं दुसऱ्या हातांनी काढली, ती नावं तुझ्या त्या एकसंध चित्राखाली आहेत का?

तळघर

नाहीत. टाकतो. पण एआयच्या रागापोटी साध्या रिपला बडवू नका, एवढं म्हणणं कायम.

पिक्सेलपाटील

रच्याकने, महालातल्या भिंतींचे रंगही त्या आकड्यांवरच ठरतात का? दर खोलीत जरा वेगळे वाटतात.

खरडेघाशी

हो. तिथे बीज, म्हणजे बाकीचे आकडे ज्यावरून निघतात तो पहिला आकडा, फक्त खोलीच्या क्रमांकाचं. म्हणून एकाच खोलीत परत आलात की रंग तेच. व्हीपॅलेस.डॅट नुसती उघडाल तर हे कुठेच दिसणार नाही, एसडीएलपॉपच्या कोडमध्ये भिंतीचे रंग ठरवणारं फंक्शन शोधा.