बायपोलर असलेल्या बहिणीचं बाळंतपण: पहिल्या पंधरवड्यात काय सांभाळायचं?

पंचगंगाकाठ: बहिणीला बायपोलर (मूड अती चढण्या-उतरण्याचा आजार) आहे, त्यावरचं लिथियम हे औषध चालू. सातवा महिना. बाळंतपणाला गडहिंग्लजहून कोल्हापूरला येणार. आई म्हणते, गोळ्या आता बंदच करा. बाळंतपणानंतर डोकं फिरतं म्हणतात, ते ओळखायचं कसं?

गोळी_आणि_डोस: स्वतःहून बंद करू नका. बाळंतपणानंतर डोकं फिरतं तो आजार म्हणजे पोस्टपार्टम सायकोसिस. एरवी हजारात एक-दोघींना होणारा हा आजार बायपोलर असलेल्या साधारण पाचांतल्या एकीला होतो. आधीच्या बाळंतपणात झाला असेल तर जवळजवळ निम्म्या जणींना.

गरोदरपणी किडनी लिथियम जास्त बाहेर टाकते, म्हणून कधी डोस वाढवावा लागतो. बाळंत झाल्यावर किडनी पूर्ववत होते आणि तोच डोस जास्त ठरतो. म्हणून प्रसूतीनंतर लगेच रक्तातली पातळी बघायची. नमुना शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी. सिझेरियननंतर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं दिली की पातळी चढते, त्यामुळे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत इथं धोक्याची. हात जोरात थरथरणं, उलटी-जुलाब, झोकांड्या अशा लिथियम जास्त झाल्याच्या खुणा दिसल्या तर पुढची गोळी न देता दवाखाना गाठा. लिथियम दुधात उतरतं. अंगावर पाजायचं की नाही ते आत्ताच ठरवा.

दवाखाना_डायरी: हा आजार बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो, कधी तिसऱ्या दिवशीच. पहिली खूण झोप. बाळ झोपलंय, सांभाळायला माणूस आहे, तरी हिला झोप नाही आणि थकवाही नाही. घरच्यांना तो उत्साह वाटतो, तिथंच गाडी चुकते. मग भराभर बोलणं, संशय, गोंधळ, ‘हे बाळ माझं नाही’. तासाभरात शांतही होते, त्यावर विसंबू नका. पाचवीचं जागरण दुसऱ्या कुणीतरी करावं. रात्रीचं दूधही जमेल तसं दुसऱ्यानं पाजावं.

पंचगंगाकाठ: शेजारच्या काकू आत्ताच बाहेरचं बघून घ्या म्हणतात. तशी वेळ आलीच तर न्यायचं कुठं?

दवाखाना_डायरी: अंगारा लावायचा तर गाडीत बसल्यावर लावा. त्याच दिवशी तिच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे, नाहीतर सरळ सीपीआरच्या (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) अपघात विभागात. तिथं पहिलं वाक्य: ‘बाळंतीण, बायपोलर, अमुक रात्रींपासून झोप नाही, लिथियमचा डोस अमुक.’ ताप, झटका, तीव्र डोकेदुखी असेल तर तेही सांगा. जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब किंवा मेंदूतली गुठळीही अशीच दिसते. पोचेपर्यंत बाळाजवळ तिला एकटी सोडू नका, अंघोळीपुरतंही नाही. सल्ल्याला टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416, रुग्णवाहिकेला 108.

गोळी_आणि_डोस: दाखल करावं लागलं तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तीन वर्षांखालचं मूल एरवी आईपासून तोडत नाहीत. बाळाला धोका वाटला तरच तात्पुरतं वेगळं ठेवतात, तेही आईची भेट चालू ठेवून. हे दाखल करतानाच विचारून घ्या.