निकालाआधीच शिक्षा कशाला?
अतिरेक्याला कसले आलेत हक्क म्हणताय भाऊ, पण पकडला म्हणजे अतिरेकी ठरला का? आपल्याकडचं औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण बघा, अटका २००६ ला अन् मुंबईच्या मोक्का कोर्टाचा निकाल २०१६ ला, दोषींना शिक्षा झाली ते बरोबरच, पण जे निर्दोष सुटले त्यांची वर्षं कोण देणार? यूएपीएत, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्यात, कोर्टानं मुदत वाढवली की चार्जशीटला १८० दिवस, जामीन तर लई अवघड. याच कायद्याखाली तुरुंगात टाकलेले ८३ वर्षांचे पाद्री स्टॅन स्वामी, त्यांना पार्किन्सन, हात थरथरायचे, पाणी प्यायला साधा स्ट्रॉ पाहिजे म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला! बीडहून रातच्या गाडीनं तुरुंगातल्या पोराला भेटायला जाणाऱ्या म्हाताऱ्या आईवर तर कसलाच आरोप नसतो. खटला लांबला तर जामीन देता येतो हे सुप्रीम कोर्टानं २०२१ ला यूएपीएच्याच नजीब प्रकरणात सांगितलंय, निदान तेवढं तरी पाळा.